खिडकीचा पडदा : कोणत्या खोलीस कोणता?

घर विकत घेतांना आपण खोल्या मोजतों, भिंती ठोकून पाहतों, नळास पाणी किती वेळ येतें याची चौकशी करतों. पण खिडक्यांचीं तोंडें कोणत्या दिशेस आहेत, हें बहुधा राहावयास गेल्यावरच कळतें. मग पहिला वैशाख येतो. पश्चिमेकडील खोलींत दुपारीं तीननंतर बसवत नाहीं, तान्हें मूल घामोळ्यांनीं हैराण होतें, आजोबांच्या अंगावर ऊन येतें म्हणून त्यांचा पलंग एकदां या भिंतीस तर एकदां त्या भिंतीस सरकवावा लागतो. आणि सारें घर म्हणूं लागतें, ‘खिडक्यांना कांहींतरी लावलेंच पाहिजे.’ हें ‘कांहींतरी’ मग घाईनें निवडलें जातें. दुकानदार नमुन्यांची जाडजूड वही पुढें करतो, रंग भिंतीशीं जुळतो कीं नाहीं एवढेंच पाहिलें जातें, आणि देवघरापासून न्हाणीघरापर्यंत सर्व खिडक्यांना एकाच कापडाचे पडदे लागतात. पडदा हा भिंतीचा दागिना नव्हे, तो खिडकीचा दरवान आहे. कोणास आंत सोडावें आणि कोणास बाहेर थांबवावें, हें त्याचें काम. त्या दृष्टीनें खोलीवार विचार करावा, म्हणून हा लेख. उदाहरणासाठीं आम्हीं नाशिक शहर घेतलें आहे. कारण तेथें उन्हाळा कडक, पावसाळा वाऱ्याचा आणि हिवाळा महाराष्ट्राच्या मानानें चांगलाच थंड. तिन्ही ऋतू तेथें पडद्याची परीक्षा घेतात.

जुन्या वाड्यांची रीति

गोदावरीच्या कांठचे जुने लांकडी वाडे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें आठवत असेल कीं, तेथें पडद्याचें काम बव्हंशीं घराची रचनाच करीत असे. भिंती जाड, रस्त्याकडील खिडक्या लहान, त्यांना गज आणि आंतून लांकडी झडपा. उजेड व वारा यायचा तो मधल्या चौकांतून. कित्येक खिडक्यांना झडपांचे वरचे व खालचे असे दोन जोड असत. खालचा जोड लावला कीं रस्त्यावरील दृष्टि आंत येत नसे आणि वरच्या जोडांतून उजेड व वारा मात्र येत राही. उन्हाळ्याच्या दुपारीं सर्व मंडळी माजघरांत आश्रयास जात, कारण घराच्या पोटांतील त्या अंधाऱ्या खोलीस ऊन ठाऊकच नव्हतें.

आज गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा नाशिकरोड या भागांतील सदनिकेंत चौक नाहीं आणि माजघरही नाहीं. भिंती पातळ झाल्या, खिडक्या रुंद झाल्या, आणि लांकडी झडपेच्या जागीं सरकत्या काचा आल्या. उजेड भरपूर झाला हें खरेंच. पण जाड भिंत, झडप आणि चौक हे तिघे मिळून जें काम करीत, तें सारें आतां एकट्या पडद्याच्या गळ्यांत पडलें आहे.

उन्हाचा हिशेब

पडदा निवडण्यापूर्वीं सूर्य आपल्या खिडकीशीं कसा वागतो हें पाहावें. आपल्या पूर्वजांचें याकडे बारीक लक्ष असे. नाशिकच्या सुंदरनारायण मंदिराचें बांधकाम १७५६ सालचें. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण तेथील मूर्तीच्या चरणांवर पडतात, असें सांगतात. देवळासाठीं जो विचार झाला, तो घरासाठीं करण्यास हरकत कोणती?

नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २० अंशांवर आहे. त्यामुळें डिसेंबरांत भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून अवघ्या साडेसेहेचाळीस अंशांवर असतो. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास तो सत्तर अंशांवर चढतो. आणि मे महिन्याच्या २०-२१ तारखेस अगदीं डोक्यावर येतो. तेथून जुलैच्या २३-२४ तारखेपर्यंत तो दुपारीं किंचित् उत्तरेकडेच असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकींत ऊन कधींच येत नाहीं, ही समजूत आपल्या भागांत पुरतेपणीं खरी नाहीं.

आतां चार फूट उंचीची खिडकी आणि तिच्या माथ्याशीं दीड फुटाचा छज्जा घ्या. खिडकी दक्षिणेची असेल, तर मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास दुपारीं छज्जाची सावली चार फूट खालपर्यंत येते, म्हणजे सारी खिडकी झांकली जाते; डिसेंबरांत तीच सावली दीड फुटाच्या आसपास राहते आणि थंडींतील हवेंहवेंसें ऊन आंत येतें. दक्षिणेची खिडकी अशी शहाणी आहे. तिला साधा पडदा पुरतो. पश्चिमेचें तसें नाहीं. मे महिन्यांत दुपारीं साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून सुमारें ३४ अंशांवर उतरलेला असतो, आणि त्याच छज्जाची सावली जेमतेम फूटभर पडते. उरलेल्या तीन फुटांतून ऊन सरळ खोलींत शिरतें, तेंही भिंती तापून चुकल्यावर. पूर्वेची गत सकाळीं अशीच. पण तेव्हां हवा थंड असल्यानें तें ऊन जाचत नाहीं. तात्पर्य, पैसा मोजका असेल तर तो प्रथम पश्चिमेच्या खिडकीवर खर्च करावा.

आंतून कीं बाहेरून?

काचेचा एक गुण येथें समजून घेतला पाहिजे. सूर्यप्रकाश काचेंतून सहज आंत येतो. पण तो पडद्यावर किंवा फरशीवर पडून त्याची उष्णता झाली, कीं ती उष्णता काचेंतून तशी सहज बाहेर जात नाहीं. म्हणून काचेच्या आंत लावलेला गडद पडदा ऊन अडवतो खरा, पण स्वतः तापून खोलीही तापवतो. आंतूनच लावणें भाग असेल, तर त्याची काचेकडील बाजू पांढरी असावी, म्हणजे प्रकाशाचा बराच भाग उष्णता होण्यापूर्वींच परत जातो. परंतु सर्वांत उत्तम उपाय म्हणजे ऊन काचेस लागण्यापूर्वींच अडवणें. जपानांत उन्हाळ्यांत घराबाहेर बांबूचे ‘सुदारे’ टांगतात. आपल्याकडील बांबूच्या कामट्यांचा चिक हा त्याचाच भाऊ.

पश्चिमेच्या गॅलरीस बाहेरून चिक सोडावा, असें आम्ही आग्रहानें सांगूं. तो वारा अडवीत नाहीं, उन्हाचे तुकडे करतो, आणि फाटला तर बुरुडाकडून नवा करून घेतां येतो. मात्र खालच्या टोकास दोन बाजूंनीं बांधण्याची सोय असावी, नाहीं तर वळवाच्या वाऱ्यांत तो कठड्यावर आपटून मोडतो. पावसाळा सुरू होण्यापूर्वीं तो उतरवून, वाळवून, कोरड्या जागीं गुंडाळून ठेवावा; भिजलेल्या कामट्यांना बुरशी धरते.

वाळ्याच्या पडद्याची आठवण पुष्कळांस येईल. त्यावर शिंपडलेलें पाणी वाफ होतांना हवेंतील उष्णता घेतें, आणि आंत येणारा वारा थंड व सुगंधी होतो. पण ही किमया कोरड्या हवेंतच साधते. नाशिकच्या चैत्र-वैशाखांत तो उत्तम. आषाढांत हवाच ओली असते, तेव्हां पडद्यावरील पाणी वाळत नाहीं आणि मुळ्या मात्र कुजूं लागतात. शिवाय खिडकी उघडी आणि समोरून वाऱ्यास वाट असल्यावांचून त्याचा उपयोग नाहीं.

खोलीवार निवड

बैठकीच्या खोलींत उजेड हवा, पण समोरच्या इमारतींतील दृष्टि नको. येथें आडव्या पट्ट्यांचा पडदा सोयीचा. पट्ट्या वर कलत्या केल्या कीं उजेड छताकडे फेंकला जातो आणि डोळ्यांवर येत नाहीं. यास व्हेनेशियन ब्लाइंड म्हणतात, आणि एडवर्ड बेरान नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १७६९ सालीं लंडनमध्यें त्याचें पेटंट घेतलें होतें. गंमत अशी कीं, फ्रेंच लोक पट्ट्यांच्या कवाडांना ‘पर्शियन’ म्हणतात; म्हणजे प्रत्येकानें श्रेय पूर्वेकडील शेजाऱ्यास दिलें आहे. बारीक छिद्रांच्या कापडाचा गुंडाळीचा पडदा, म्हणजे रोलर ब्लाइंड, हाही येथें चालतो. त्या कापडांतील छिद्रांचें प्रमाण शेंकडा १, ३, ५ किंवा १० असें सांगतात. प्रमाण जितकें कमी, तितकें ऊन कमी आणि आडोसा अधिक. एक सावधगिरी मात्र ठेवावी. असा पडदा दिवसा आडोसा देतो. पण रात्रीं दिवा लागला कीं गोष्ट उलटी होते आणि बाहेरच्यास आंतलें दिसूं लागतें. म्हणून रात्रीसाठीं मागें जाड कापडाचा जोडपडदा हवाच.

निजण्याच्या खोलीस काळोख देणारा, अस्तराचा पडदा योग्य. रात्रपाळी करून सकाळीं निजणाऱ्यांस तर तो औषधासारखा आहे. हिवाळ्यांत तोच जाड पडदा गार काचेचा झोत अडवतो. पण सकाळीं घरच्या मंडळींनीं तो सारावा. पहांटेचा उजेड शरीरास जागें करतो, आणि मुलांच्या खोलींत तर हा नियम मोडूं नये.

अभ्यासाच्या खोलीस उत्तरेचा उजेड सर्वांत स्थिर. उजव्या हातानें लिहिणाऱ्याच्या डावीकडून उजेड यावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाहीं. संगणकाचा पडदा खिडकीच्या समोरही नको आणि पाठीशींही नको, बाजूस असावा.

वृद्धांच्या खोलीविषयीं दोन शब्द अधिक सांगावयाचे आहेत. म्हातारपणीं घाम कमी येतो, तहान उशिरां कळते, आणि उष्णतेचा त्रास तरुणांहून लौकर होतो. मोतीबिंदूमुळें झगमगाटही सोसत नाहीं. घरांतील पश्चिमेची खोली त्यांच्या वांट्यास देऊं नये. दुसरा मार्गच नसेल, तर बाहेर चिक, आंत पांढऱ्या पाठीचा पडदा आणि तो बिछान्यावरून हातास येईल अशी सोय, या तिन्ही गोष्टी कराव्या. स्वतःच्या खोलींतील उजेड स्वतःच्या हातीं असणें, हें त्या वयांत लहान सुख नव्हे.

स्वयंपाकघरांत फोडणीचा तेलकट धूर जाड कापडांत मुरतो आणि शेगडीजवळचें लोंबतें कापड धोक्याचें. तेथें ओल्या फडक्यानें पुसतां येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बऱ्या. नाहीं तर खिडकीच्या खालच्या अर्ध्यास आखूड सुती पडदा, पण शेगडीपासून दूर आणि आठवड्यास धुतां येईल असा. हाच नियम देवघरास. नंदादीप आणि वाऱ्यानें उडणारा पडदा यांची सोयरीक नको. खरखरीत काच लावली कीं आडोसाही होतो आणि उजेडही शांत येतो. न्हाणीघरांत लांकडाच्या पट्ट्या फुगून वांकड्या होतात. तेथें प्लॅस्टिकच्या पट्ट्या किंवा पुन्हां खरखरीत काचच बरी.

आणखी एक. पडदा म्हणजे जाळी नव्हे. डेंग्यूचे डांस दिवसाच चावतात; तेव्हां काच उघडी ठेवावयाची असेल, तर जाळी स्वतंत्र लावावी.

माप घेतांना

चौकटीच्या आंत बसणाऱ्या पडद्यासाठीं रुंदी वर, मध्यें आणि खालीं अशी तीन ठिकाणीं मोजावी व सर्वांत लहान माप धरावें. आपल्याकडील गिलावा सरळ असेलच असा भरंवसा नसतो. चौकटीबाहेर लावावयाचा असेल, तर दोन्ही बाजूंस तीन-चार इंच अधिक घ्यावे, नाहीं तर कडेनें ऊन शिरतें. जुन्या घरांत झडपा आंत उघडतात. तेथें चौकटींत पडदा बसवला कीं झडप उघडतच नाहीं. अशा ठिकाणीं चौकटीच्या वर, पुरेसा उंच दांडा लावून बाजूस सरणारा कापडी पडदाच योग्य.

दोरीचें भय

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गुंडाळीच्या आणि पट्ट्यांच्या पडद्यांना ओढण्यासाठीं दोरी किंवा मण्यांची सांखळी असते, आणि तिचा फांस लोंबत असतो. रांगत्या-चालत्या मुलाच्या मानेस तो बसला, तर आवाज न होतां कांहीं मिनिटांत प्राण जातो. परदेशांत अशीं अनेक बालकें दगावलीं आहेत. अमेरिकेंतील मानकांनीं २०१८ च्या अखेरीपासून तयार मिळणाऱ्या पडद्यांस लोंबती दोरी वर्ज्य केली आणि २०२४ च्या जूनपासून मापानें करून दिल्या जाणाऱ्या पडद्यांवरही तसेंच कडक निर्बंध घातले. आपल्या घरीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. लहान मूल असेल तेथें बिनदोरीचाच पडदा मागावा. जुना असेल, तर सांखळी भिंतीवरील आंकड्यांत ताणून पक्की करावी, दोरीचीं टोकें उंच गुंडाळून ठेवावीं, आणि पाळणा, पलंग किंवा चढण्याजोगी खुर्ची खिडकीपासून दूर सारावी. नातवंडें सुटींत येणार असतील, तर आजी-आजोबांनींही ही तपासणी आधींच करावी.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं एक रविवार घरींच खर्च करावा. सकाळीं, दुपारीं आणि सायंकाळीं प्रत्येक खोलींत जाऊन ऊन कोठपर्यंत येतें, वारा कोठून येतो आणि तेथें कोण बसतें-निजतें, हें एका कागदावर टिपून घ्यावें. तो कागद हातीं असला, म्हणजे नमुन्यांची वही कितीही जाड असली तरी निवड कठीण जाणार नाहीं.