पाचारणाचं अर्थकारण (लेखांक ५) : शेत एकाला, सेमिनरी दुसऱ्याला

फादर व्हायची ओढ देवाकडून येते, असं चर्च सांगतं. त्या वादात आपण पडायला नको. पण ती ओढ कुठल्या घरातल्या कितव्या मुलाला लागते, याचा हिशेब बऱ्यापैकी मांडता येतो. मागचं शतकभर आयर्लंडने तो फारच स्वच्छ मांडून ठेवला आहे.

१८४५च्या बटाट्याच्या दुष्काळाआधी तिथला लहान कुळवाडी जमिनीचे तुकडे करून पोरांत वाटून टाकी. त्या चार-पाच वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. उरलेल्यांनी ठरवून टाकलं, शेत तोडायचं नाही. ते एकाच मुलाला मिळणार, तेही बाप थकल्यावर. तोवर त्याचं लग्नही लांबलेलं. बाकीच्या भावंडांपुढे अमेरिकेची बोट, एखाद्या दुकानातली उमेदवारी, नाहीतर मेनूथची सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारं विद्यालय. (आपल्याकडे वाटण्या होत गेल्या आणि बांध वाढले. तिथे बांध होते तिथेच राहिले, माणसं गेली.)

मेनूथ १७९५ सालचं. फ्रेंच राज्यक्रांतीने युरोपातल्या ज्या सेमिनऱ्यांत आयरिश मुलं शिकत त्या बंद पाडल्या, आणि ही पोरं तिकडचं वारं घेऊन परततील या धास्तीने प्रोटेस्टंट सरकारनेच कॅथलिक सेमिनरीला अनुदान दिलं! तरी गरिबाचं पोर तिथवर क्वचितच पोचे. आधी लॅटिन यायला हवं, म्हणजे फीची माध्यमिक शाळा हवी. ती परवडायची सधन शेतकऱ्याला आणि गावातल्या दुकानदाराला. शेतमजुराच्या झोपडीत देव कमी बोलत होता, असं मानायला माझ्याकडे तरी काही कारण नाही.

सिस्टर लोकांच्या मठांत हे आणखी उघड दिसे, कारण तिथे हुंडा लागे. हुंडा आणि शिक्षण घेऊन आलेली मुलगी शाळेत शिकवी, प्रार्थनेला पुढच्या आसनांवर बसे, मठाची प्रमुखही होऊ शके. हुंड्याविना आलेली ‘ले सिस्टर’ स्वयंपाक, धुणं आणि मळा सांभाळी. तिचा वेश निराळा. मठाच्या कारभारात तिला मत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६०च्या दशकात, हा भेद मोडीत निघाला. तोवर दोघींनीही शपथ मात्र गरिबीचीच घेतलेली असे.

पुढे फादर-सिस्टर होण्याला ओहोटी लागली. तिचं खापर सहसा १९९२नंतर बाहेर आलेल्या प्रकरणांवर फुटतं : गॉलवेचे बिशप एमन केसी यांना मुलगा असल्याचं उघड झालं, मग मुलांवरच्या अत्याचारांचे चौकशी अहवाल आले. चर्चची पत त्यांनी घालवली यात शंका नाही. पण सेमिनऱ्या रिकाम्या व्हायला त्याआधी दोन दशकं सुरुवात झाली होती. १९६७ साली माध्यमिक शिक्षण फुकट झालं, खेड्यातल्या मुलाला शाळेची बस मिळाली. हुशार पोराला शिकायला आता चर्चचा उंबरा ओलांडावा लागेना. १९७३मध्ये सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न झालं की राजीनामा द्यायचा, हा नियम गेला. शाळा किंवा हॉस्पिटल चालवण्याची धमक असलेल्या मुलीला मठाबाहेरही वाट दिसू लागली. २०१७ साली, एकेकाळी पाचशेवर विद्यार्थी असलेल्या मेनूथमध्ये नवे आले सहा.

सगळंच खिशावरून उलगडतं असंही नाही. कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडचे जॉन पॉल दुसरे १९७८ साली पोप झाले आणि ऐंशीच्या दशकात तिथल्या सेमिनऱ्या ओसंडून वाहू लागल्या. सरकारचा हुकूम जिथे पुरता चालत नसे अशा मोजक्या जागांपैकी चर्च ही एक होती. तिथे जाण्यात भक्ती होती आणि बाणेदारपणाही.

आज जर्मनीतल्या कितीतरी पॅरिशमध्ये मिस्सा म्हणणारे फादर केरळचे असतात. पण ज्या केरळने इतके फादर पुरवले, तिथल्या घरांतही आता दोनच मुलं असतात, आणि दोघांपैकी एकाला सेमिनरीत पाठवायला आईबाप सहजी तयार होत नाहीत. कॅथलिकांचं प्रमाण घटतंय ही काळजी वेगळीच. २०२१मध्ये कोट्टायम जिल्ह्यातल्या पाला धर्मप्रांताने २०००नंतर लग्न झालेल्या आणि पाच किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्यांसाठी मदत जाहीर केली : महिना दीड हजार रुपये.