घोडीचं घड्याळ उजेडाचं

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात १८८६पासून जनावरांचे डॉक्टर घडतात. थोड्या अंतरावर महालक्ष्मीचं रेसकोर्स. शर्यतीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून शिंगरू वर्षारंभी जन्मलेलं बरं. घोडी मात्र उजेड ओळखते. लांब रात्री मेंदूतली पिनियल ग्रंथी जास्त वेळ मेलाटोनिन सोडते, बीजांडकोश थंडावतात. म्हणून तबेल्यात दिवे लावून दिवस १६ तासांचा करतात. साधारण दोन महिन्यांत घोडी माजावर येते, शेपूट वर धरते. चक्र २१ दिवसांचं.

मला थक्क करतो तो गर्भ. गर्भाशयाने प्रोस्टाग्लँडिन सोडून चक्र पुन्हा सुरू करू नये, म्हणून तो इवलासा गोळा सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयभर फिरत राहतो, कोपऱ्याकोपऱ्याला ‘मी आहे’ असं कळवत.