गच्चीवरची वीज : पंचवीस वर्षांचा हिशेब

मालेगावात हल्ली कोणी ना कोणी सोलरचा भाव घेऊन दुकानात येतो आणि 'बिल शून्य होईल' एवढेच सांगतो. आम्ही कापडाचे व्यापारी. थान शेवटपर्यंत उलगडून पाहिल्याशिवाय सौदा करत नाही.

३ किलोवॉटला सुमारे ३०० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी १२ युनिट वीज मिळते. आम्हाला १ लाख ८० हजारांचा भाव आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांचे अनुदान ठरले. म्हणजे पदरचे १ लाख २ हजार. युनिटला ८ रुपये धरले, तरी वर्षाला पस्तीस हजारांची वीज होते. तीन वर्षांत रक्कम वसूल! मात्र अनुदान घरगुती मीटरलाच आहे, हे यंत्रमागवाल्या बंधूंनी ध्यानात ठेवावे. शिवाय बिलातला स्थिर आकार चालूच राहतो.

पॅनेल टिकाऊ माल आहे. पंचवीस वर्षांनंतरही ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज देण्याची हमी मिळते. इन्व्हर्टरची हमी मात्र साधारण पाच ते दहा वर्षे, म्हणून तो एक-दोनदा बदलण्याचा खर्च आजच धरावा. धूळ आणि मागाची रुई बसली की वीज घटते. धुवायला माणूस हवा, आणि खारे पाणी काचेवर डाग ठेवते. बॅटरी नसेल तर लाइन गेली की भर उन्हातही पॅनेल बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती सोय असते. हे विक्रेता आपणहून सांगत नाही. आम्हाला विचारावे लागले.

आमचे घोडे अडले ते गच्चीपाशी. घर तिघा भावांचे, मीटर तीन, गच्ची एक. ज्याच्या मीटरला पॅनेल जोडले, त्याचेच बिल उतरणार. धाकट्या बंधूंना चार-पाच वर्षांत वरचा मजला चढवायचा आहे. तेव्हा सगळा सांगाडा उतरवून पुन्हा बसवावा लागेल, त्याची मजुरी कोणी द्यायची? शिवाय स्लॅब दोन ठिकाणी गळतो. वर खांब रोवल्यावर दुरुस्ती अवघड. आमच्या मुलांच्या काळात तर हा तंटा वाटणीपर्यंत जाईल.

म्हणून बयाणा दिला नाही. आधी स्लॅब दुरुस्त होईल, मग तिघांच्या सहीने गच्चीचा, खर्चाचा आणि विजेचा हिस्सा कागदावर येईल. थोरल्या भावांनी होकार दिला आहे. धाकटे अजून मजल्याचा नकाशा घेऊन बसले आहेत.