गाठीचा स्वभाव (लेखांक ६ : मोठ्या आतड्याचा कर्करोग)

गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल शिरली, लसिकाग्रंथींत पोचली का, यकृतापर्यंत गेली का, यावरून स्टेज ठरते, हे मागच्या आठवड्यात पाहिले. तरीही एकाच स्टेजचे दोन रुग्ण घ्या. एक दहा वर्षांनी ठणठणीत असतो, दुसऱ्याचा आजार दोन वर्षांत उलटतो. स्टेज गाठीचा पसारा सांगते, स्वभाव नाही. तो बायोमार्करवरून, म्हणजे गाठीच्या जैविक खुणांवरून, कळू लागतो.

यातला सर्वांत जुना सीईए, हे रक्तात मोजता येणारे प्रथिन. माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये तो शोधला. धूम्रपानाने किंवा यकृताच्या विकारानेही तो वाढतो, म्हणून धडधाकट माणसाने कर्करोग हुडकायला ही रक्ततपासणी करून घेण्यात अर्थ नाही. त्याचा खरा उपयोग ऑपरेशननंतर. आधी वाढलेला सीईए महिना-दीड महिन्यात उतरला नाही, तर आजार कुठेतरी शिल्लक असल्याची शंका घेतात.

त्याहून बरेच काही सांगणारी तपासणी एमएमआरची (मिसमॅच रिपेअर). पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा झालेल्या चुका मुद्रितशोधकासारख्या सुधारणारी ही प्रथिने. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार प्रथिनांसाठी गाठीचे काप रंगवतात. प्रथिन असेल तिथे पेशीकेंद्र तपकिरी दिसते. गाठीची केंद्रे निळीच राहिली आणि शेजारच्या निरोगी पेशींची मात्र तपकिरी झाली, तर रंग नीट चढला आहे, प्रथिनच गायब आहे, असा निष्कर्ष पॅथॉलॉजिस्ट काढतात.

साधारण १५ टक्के रुग्णांत हा बिघाड आढळतो. गंमत अशी, की दुसऱ्या स्टेजमध्ये तो रुग्णाच्या पथ्यावर पडतो. चुकांनी भरलेली गाठ विचित्र प्रथिने बनवते, प्रतिकारशक्ती ती ओळखते आणि आजार उलटण्याची शक्यता घटते. अशा रुग्णांना नुसत्या ५-एफयू या केमोच्या औषधाचा फायदा होत नाही, म्हणून केमो बहुधा टाळतात. चौथ्या स्टेजमध्ये हा बिघाड जेमतेम ४-५ टक्क्यांत सापडतो. तिथे तो औषध निवडायला उपयोगी ठरतो. २०२० च्या कीनोट-१७७ चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर आजार न वाढण्याचा मध्यक काळ १६.५ महिने होता, केमोवर ८.२.

औषध निवडताना गाठीची जनुकेही पाहतात. केआरएएस किंवा एनआरएएस जनुकात बदल असेल, तर सेटुक्सिमॅब हे औषध चालत नाही. बीआरएएफमधला व्ही६००ई बदल पसरलेल्या आजारात वाईट लक्षण मानतात.

नवी भर गाठीतून सुटून रक्तात तरंगणाऱ्या डीएनएच्या तपासणीची. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक चाचणीत (२०२२) दुसऱ्या स्टेजचे ४५५ रुग्ण होते. ही तपासणी पाहून निर्णय घेतलेल्या गटात १५ टक्क्यांना केमो द्यावी लागली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना. दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९३.५ आणि ९२.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच.

कोणताही मार्कर एखाद्या रुग्णाच्या आयुष्याची तारीख सांगत नाही. तो सांगतो शक्यता, आणि त्यावरून उपचार ठरतात. म्हणून रिपोर्टमध्ये एमएमआरचा उल्लेख नसेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. या बिघाडामागे कधी लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असतो. तसे निघाले तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते. शिवाय उपचारासाठी रुग्णालय बदलत असाल, तर फाइलबरोबर गाठीचा पॅराफिन ब्लॉकही (मेणात जतन केलेला तुकडा) मागून घ्या. राहिलेल्या तपासण्या त्याच ब्लॉकवर नंतरही करता येतात.