दुरावा आणि नवी जात

गावाहून संभाजीनगरला शिकायला आलो, त्याला हे दुसरे वर्ष. आई म्हणते, “तुझं बोलणं निराळंच झालं रे!”

दुराव्याने सजीव बदलतात कसे? जीवशास्त्रात जात म्हणजे आपसांत प्रजनन करणारा समूह. तो डोंगरदऱ्यांनी दुभंगला की संकर थांबतो, पिढ्यान्‌पिढ्या बारीक फरक साचतात आणि शेवटी नवी जात घडते. उघडी पठारे जमिनीवरच्या पालींना बेटांसारखीच. रत्नागिरीच्या सड्यावरील अशा एका पालीची नोंद १९६३ साली झाली. तिच्या नात्यातली साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची पाल २००८ मध्ये स्वतंत्र जात ठरली.

याला हजारो-लाखो वर्षे लागतात. माझ्या नि गावाच्या मध्ये तर डोंगर नाही, एस.टी. आहे. जाणे-येणे ठेवले तर दुरावा वाढणार नाही.