रक्तातली धूळ

माझ्या रूम पार्टनरला सिकलसेल आहे. गेल्या हिवाळ्यात सबमिशनच्या आदल्या रात्री त्याचे पाय इतके दुखायला लागले, की आम्ही त्याला उचलूनच दवाखान्यात नेलं. तेव्हापासून मी या आजाराबद्दल वाचतोय.

१९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी प्लेटलेट्समधून सुटलेल्या सूक्ष्म कणांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटलं. पण ही धूळ म्हणजे नुसता कचरा नव्हे! पेशीच्या आवरणाचेच हे बारीक फुगे, साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचे. एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद यांच्या बाहेरच्या बाजूला येतो आणि रक्त गोठवणारे घटक त्यावर जमतात. स्कॉट सिंड्रोम या दुर्मिळ आजारात हा मेद नीट बाहेर येत नाही, म्हणून रक्तस्राव लवकर थांबत नाही. सिकलसेलमध्ये उलटं. विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात, म्हणून वेदना. शिवाय तांबड्या पेशींमधून असे कण जास्त सुटतात आणि गुठळ्यांचा धोका वाढतो.

अंगातलं पाणी कमी झालं किंवा थंडी बाधली, की त्रास उफाळतो. म्हणून मित्रांनो, आमच्या रूमवर पाण्याची बाटली कायम भरलेली असते. आणि जादा रजई त्याची, हे ठरलेलं!