घरातील सुतारकाम आणि न दिसणारी धूळ

भडगावसारख्या गिरणाकाठच्या गावात सुतारकाम बहुधा घराला लागूनच चालते. पत्र्याची शेड, तिच्यात करवत, रंधा आणि अर्धवट झालेली चौकट हे दृश्य विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते. हातरंध्याच्या जोडीला आता विजेवर चालणारी करवत आणि सँडर आले आहेत. त्यामुळे काम झटपट होऊ लागले, पण धुळीचे स्वरूपही बदलले. हातरंधा कुरळ्या ढलप्या काढतो आणि त्या पायाशीच पडतात. वेगाने फिरणारा पॉलिशपेपर मात्र लाकडाचे अक्षरशः पीठ करतो.

धूळ खाली बसायला किती वेळ लागतो?

हवेत पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा स्टोक्सचा नियम होय. व्यास दहापट कमी झाला की वेग सुमारे शंभरपट कमी होतो. पाण्याइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून ५-६ सेकंदांत खाली येतो. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे ८ मिनिटे लागतात, तर १ मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेतही सुमारे १२ तास! माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांच्या आकाराची कल्पना येईल. म्हणजे यंत्र बंद करून, भुसा झाडून सुतार जेवायला बसला, तरी सर्वांत बारीक धूळ हवेतच असते आणि ती घरातील सर्वांच्या श्वासात जाते.

मोठे कण बहुतांशी नाकात अडकतात, तर अतिसूक्ष्म कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचतात. नाकात अडकणारी धूळही निरुपद्रवी नाही. इंग्लंडमधील हाय विकम भागातील फर्निचर कामगारांत नाकाच्या कर्करोगाचे प्रमाण असाधारण असल्याचे १९६०च्या दशकात लक्षात आले. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला. याशिवाय सागवान, शिसव यांच्या धुळीने काहींना त्वचेची ॲलर्जी होते, तर लाकडाच्या धुळीने काहींना दमाही जडतो.

कठीण लाकडाच्या धुळीसाठी युरोपीय संघाची कामाच्या ठिकाणची मर्यादा एक घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम आहे. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीचे घनफळ २७ घनमीटर. २७ × २ = ५४ मिलिग्रॅम. म्हणजे चिमूटभराहूनही कमी धूळ खोलीभर पसरली की ही मर्यादा गाठली जाते.

उपाय कोणत्या क्रमाने?

पहिला उपाय म्हणजे धूळ कमी निर्माण करणे. जेथे रंध्याने भागते तेथे सँडर लावू नये.

दुसरा, धूळ निघते तेथेच पकडणे. शोषनळीचे तोंड पात्याच्या अगदी जवळ हवे. नळीच्या व्यासाइतक्या अंतरावरच शोषणाचा वेग सुमारे दहाव्या हिश्शावर येतो. मेणबत्ती फुंकून विझते, पण हवा आत ओढून विझत नाही, हा प्रयोग वर्गात करून दाखवता येईल. शोषलेली हवा शेडबाहेर किंवा चांगल्या गाळणीतून सोडावी. साध्या कापडी पिशवीतून सूक्ष्म कण पुन्हा खोलीत येतात.

तिसरा, वायुवीजन. उघड्यावर काम करताना वारा बाजूने घ्यावा. वारा पाठीवर घेतल्यास शरीरापुढे भोवरे तयार होऊन धूळ तोंडाकडे येते. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे घराबाहेरच बदलावेत.

शेवटचा उपाय मुखपट्टी. रुमाल किंवा उपरणे बारीक कण अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टी वापरावी. मात्र ती पहिल्या तीन उपायांना पर्याय नव्हे.

करून पाहा

पत्र्याच्या भोकातून येणारा कवडसा आपण पाहतोच. त्यात चमकणारे कण प्रकाश विखुरतात म्हणून दिसतात. हेच तत्त्व वापरून अंधाऱ्या खोलीत लाकडाचा तुकडा पॉलिशपेपरने थोडा वेळ घासावा. मग लांब उभे राहून, नाकातोंडावर मुखपट्टी ठेवून, विजेरीचा झोत त्या दिशेने सोडावा आणि झोतातील कण कमी व्हायला किती वेळ लागतो याची नोंद करावी. ज्यांच्या घरी हा व्यवसाय आहे, त्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरच्यांनाही दाखवावा. जी धूळ एरवी दिसत नाही, ती एकदा दिसली की शोषनळीचा खर्च अनाठायी वाटत नाही.